खाजकुयली, गाजरगवत आणि पाठीचा कणा

श्रोतेहो, धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही पाणंदीने जा, पावसाळ्यात दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले दिसेल. पुण्याला १९५५ च्या सुमारास हे परदेशी तण प्रथम नजरेस आले. पुढे सारा मुलूख त्याने व्यापला. काही जणांना वर्षानुवर्षांच्या संपर्काने ते बाधते. पापण्या, मान, कोपराची लवण येथली कातडी जाड, काळपट होते आणि खाज रात्री डोळा लागू देत नाही. गाव म्हणते, ‘अंघोळ करीत नसेल.’ घरचे म्हणतात, ‘हात आवर की जरा!’ आज या माणसाची बाजू मांडायची आहे.

खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असे शास्त्रज्ञ पुष्कळ काळ मानीत. कारणही तसेच होते. असह्य वेदनेसाठी मज्जारज्जूतले, म्हणजे पाठीच्या कण्यातून उतरणाऱ्या दोरातले, काही तंतू कापले की वेदनेबरोबर खाजही जाई.

ही गाठ सोडवायला आपल्या ओळखीची एक वेल कामी आली : खाजकुयली. तिच्या शेंगेवरच्या लवेचा गुण खोडकर पोरांना शिकवावा लागत नाही! १९५५ मध्येच शेली आणि आर्थर या अमेरिकी डॉक्टरांनी त्या लवेतल्या खाजऱ्या द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००७ मध्ये मिनेसोटातील संशोधकांना माकडांच्या मज्जारज्जूत असे आढळले, की अंगावर पित्त उठवणाऱ्या हिस्टामिनची खाज एका जातीच्या पेशी मेंदूकडे नेतात आणि खाजकुयलीची दुसऱ्या. पित्ताची गोळी प्रत्येक खाजेवर का चालत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

त्याच वर्षी सेंट लुईस येथे सन आणि चेन यांनी उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेचा निरोप झेलणारा खास ग्राहक दाखवला. २००९ मध्ये तो ग्राहक असलेल्या पेशी नष्ट केल्यावर खाजवणे जवळजवळ थांबले; वेदना मात्र पूर्वीसारखीच कळत राहिली. खाजेची वाट निराळी ठरली.

मग जुनाट खाज थांबत का नाही? पाटाला जसे दार, तशा मज्जारज्जूत खाजेला अडवणाऱ्या पेशी असतात. नखाने ओरखडले की वेदनेचा निरोप त्यांना जागे करतो. म्हणून घटकाभर बरे वाटते. पण कातडी सोलते, दाह वाढतो, खाज पुन्हा उठते. २०१० मध्ये दिसले, की या पेशी नसलेले उंदीर जखमा होईपर्यंत खाजवतात. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना जुनाट त्वचारोगाच्या उंदरांत मज्जारज्जूतल्या तारकापेशी चेतलेल्या आढळल्या. त्या खाजेचा निरोप वाढवीत होत्या. दार लागेनासे झाले, की थोड्या पाण्यानेही वाफा भरतच राहतो, तसेच हे. माणसाबाबत अजून पुष्कळ शोधायचे आहे. पण दिशा कळली आहे.

तेव्हा मंडळी, गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. ज्याला ते बाधते त्याला मात्र त्या कामाला लावू नका. खाज हटत नसेल तर वेळेवर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. गुरुजींनो, वर्गातले पोर सारखे खाजवत असेल तर छडी उगारू नका. घरी निरोप धाडा, खरूज असेल तर साऱ्या घराला औषध लागते. ‘खाजवून खरूज काढणे’ ही म्हण भांडखोरासाठी ठीक आहे. आजाऱ्याला ती लावू नये.