व्याध तारा, दोन सर्चलाइट आणि फोटॉनांचा वाद

१/
१९५५-५६ चा हिवाळा. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक वेधशाळेच्या आवारात सैन्याच्या दोन सर्चलाइटचे आरसे व्याध ताऱ्याकडे रोखलेले होते. आरसे इतके ओबडधोबड, की त्यांतून ताऱ्याची धड प्रतिमाही उमटली नसती. तरीही त्यांच्याच आधारे व्याधाचा व्यास मोजला जात होता. आणि ही पद्धत ज्या परिणामावर उभी होती तो निसर्गात असूच शकत नाही, असे काही भौतिकशास्त्रज्ञ ठामपणे सांगत होते.

२/
हा खटाटोप करणारे रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन यांचा जन्म १९१६ चा, निलगिरीतील अरुवनकाडूचा. वडील तेथील कॉर्डाइट कारखान्यावर देखरेख करणारे लष्करी अधिकारी. हॅनबरी ब्राऊन शिक्षणाने विद्युत अभियंते. दुसरे महायुद्ध त्यांनी रडारच्या कामात घालवले आणि १९४९ मध्ये ते जॉड्रेल बँकेत आले. हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांतून येणाऱ्या प्रखर रेडिओलहरींचे उगम किती मोठे आहेत, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते ताऱ्यांएवढे लहान दिसत असतील तर दोन अँटेना हजारो किलोमीटर दूर ठेवाव्या लागणार. आणि इतक्या अंतरावरून दोन्हीकडच्या लहरी जशाच्या तशा एकत्र आणून ताडून पाहणे त्या काळी अशक्य होते.

३/
त्यांना सुचलेला मार्ग साधा होता. लहरी एकत्र आणायच्याच नाहीत. दोन्ही ठिकाणी केवळ तीव्रतेचे चढउतार नोंदवायचे आणि मग त्या नोंदी शेजारी ठेवायच्या. ग्राहक जवळ असतील तर चढउतार बरोबरीने होतात. अंतर वाढत जाते तशी ही जोडी सुटत जाते. ती किती अंतरावर सुटते, यावरून उगमाचा आकार कळतो. अंतरागणिक किंवा काळागणिक बदलणाऱ्या या ‘बरोबरी’चे गणिती माप म्हणजे सहसंबंध-फलन.

गणित मांडले रिचर्ड ट्विस यांनी. रेडिओलहरींसाठीचे यंत्र उभारले रॉजर जेनिसन आणि बंगालमधून आलेले मृणालकुमार दासगुप्त यांनी. हंसातील उगम एक नसून जोडीचा आहे, हे या दोघांनी १९५३ मध्ये दाखवले. गंमत अशी, की उगम अपेक्षेपेक्षा बरेच मोठे निघाले आणि काही किलोमीटरांचे अंतर पुरले. जुनी पद्धतही चालली असती!

४/
रेडिओलहरींबाबत कोणी तक्रार केली नाही. हॅनबरी ब्राऊन प्रकाशाकडे वळले तेव्हा मात्र वाद पेटला. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने टिपला जातो. ताऱ्याच्या दोन वेगळ्या टोकांवरून निघालेल्या फोटॉनांचा एकमेकांशी संबंध काय? पॉल डिरॅक यांच्या पाठ्यपुस्तकावर पोसलेल्या पिढीला वेगवेगळ्या फोटॉनांमध्ये व्यतिकरण ही कल्पनाच पाखंडी वाटली.

५/
जानेवारी १९५६ मध्ये दोघांनी प्रयोगशाळेतील पुरावा प्रसिद्ध केला. पाऱ्याचा दिवा, प्रकाश दुभागणारा अर्धपारदर्शक आरसा आणि दोन प्रकाशगुणक नळ्या. चढउतार जुळले.

हंगेरीतील एका गटाला असाच प्रयोग करून काहीच आढळले नव्हते. कॅनडातील दुसऱ्या गटालाही आढळले नाही. हा परिणाम खरा असेल तर पुंजयामिकीच्या मूळ कल्पनाच बदलाव्या लागतील, असे त्यांनी बजावले. उत्तरादाखल हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांनी आकडेमोड केली. विरोधकांचे दिवे या कामाला इतके अपुरे होते, की हंगेरीच्या प्रयोगात हा सहसंबंध दिसायला पृथ्वीच्या वयाहून अधिक काळ लागला असता.

६/
त्याच वर्षी एडवर्ड पर्सेल मदतीला आले. पुंजयामिकीला धक्का बसत नाही, उलट तीच हे सांगते, असे त्यांनी दाखवून दिले. फोटॉन हे बोसॉन आहेत आणि बोसॉन घोळक्याने येतात. ‘डावीकडचा फोटॉन पहिल्या नळीत, उजवीकडचा दुसऱ्या’ आणि ‘नेमके उलट’ या दोन शक्यता निसर्ग वेगळ्या ओळखत नाही. त्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेतच सहसंबंध दडलेला असतो.

७/
इंग्लंडच्या ढगाळ आकाशाने पाच महिन्यांत जेमतेम १८ तास उपयोगी वेध दिले. व्याधाचा कोनीय व्यास निघाला ०.००६ विकलांहून किंचित जास्त (एका अंशात ३,६०० विकला असतात). पुढे ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे १८८ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळांवर फिरणाऱ्या दोन प्रचंड परावर्तकांनी ३२ तारे मोजले.

८/
१९६० मध्ये लेसर आला आणि प्रश्न उभा राहिला : हा प्रकाशही घोळक्याने येतो का? १९६३ मध्ये रॉय ग्लॉबर यांनी सहसंबंध-फलनांची सबंध श्रेणीच रचली. दोन फोटॉन एकाच क्षणी सापडण्याचे माप साध्या दिव्यासाठी २, आदर्श लेसरसाठी १. दोन्ही प्रकाश डोळ्यांना सारखे दिसले तरी हा आकडा त्यांना वेगळे पाडतो.

त्याच वर्षी, पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी अशा प्रकाशाचे वर्णन अधिक व्यापक रूपात मांडले. २००५ च्या नोबेलचा अर्धा वाटा एकट्या ग्लॉबर यांना मिळाला, तेव्हा सुदर्शन यांनी नोबेल समितीकडे लेखी हरकत घेतली. श्रेणीचे श्रेय निःसंशय ग्लॉबर यांचे; सुदर्शन यांच्या मांडणीचा उल्लेख टाळणे मात्र न्याय्य म्हणता येत नाही.

९/
१९७७ मध्ये किंबल, डॅजेनाइस आणि मॅन्डेल यांनी सोडियमच्या अणूंचा प्रकाश याच कसोटीवर घासला. आकडा १ च्याही खाली गेला : एकटा अणू एक फोटॉन सोडून लगेच दुसरा सोडू शकत नाही, म्हणून फोटॉन अंतर राखून येत होते. तीव्रतेच्या नुसत्या लहरींनी हे समजावता येत नाही. आज पुंजसंगणनाच्या प्रयोगशाळांत एखादा स्रोत खरोखर एकेकच फोटॉन देतो का, हे तपासायचे झाले की मधे अर्धपारदर्शक आरसा ठेवतात आणि दोन बाजूंना दोन शोधक. मांडणी १९५६ चीच.