सार्क प्रथिन : प्रतिपिंडांच्या साहाय्याने झालेले संशोधन

सार्क हे इतर प्रथिनांतील टायरोसीन या ॲमिनो अम्लाला फॉस्फेट गट जोडणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) होय. अशा एंझाइमांना टायरोसीन कायनेजे म्हणतात. फॉस्फेट जोडल्याने प्रथिनाचे कार्य बदलते. कोशिकांच्या वाढीचे नियमन अंशतः याच मार्गाने होते.

पेटन राउस यांनी १९११ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत असे दाखविले की, कोंबडीतील मांसकर्क (संयोजी ऊतकाचा कर्करोग) कोशिकाविरहित अर्काने दुसऱ्या कोंबडीत संक्रमित होतो. याला कारणीभूत असलेल्या व्हायरसातील सार्क जीन पुढे ओळखला गेला. परंतु त्यापासून तयार होणारे प्रथिन अज्ञात होते. ते शोधण्यास प्रतिपिंडे (बाह्य पदार्थाशी बद्ध होणारी संरक्षक प्रथिने) उपयोगी पडली.

जोन ब्रूगी व रेमंड एरिक्सन यांनी या व्हायरसामुळे अर्बुदे झालेल्या सशांचा रक्तरस वापरला. त्यातील प्रतिपिंडांनी कर्करूप कोशिकांतून सु. ६०,००० रेणुभाराचे प्रथिन अवक्षेपित केले (१९७७). पुढील वर्षी मार्क कॉलेट व एरिक्सन यांनी या अवक्षेपात किरणोत्सर्गी फॉस्फरसयुक्त एटीपी मिसळले, तेव्हा फॉस्फेट गट प्रतिपिंडाच्याच जड शृंखलेला जोडला गेला. प्रथिन पकडणारे प्रतिपिंडच त्याच्या विक्रियेचे लक्ष्य ठरले आणि सार्क हे कायनेज असल्याचा पुरावा मिळाला. हा फॉस्फेट थ्रिओनिनाला जोडला जातो, असा प्रथम समज झाला; कारण प्रचलित विद्युत् संचारण पद्धतीत फॉस्फोथ्रिओनीन व फॉस्फोटायरोसीन वेगळी होत नसत. तो टायरोसिनाला जोडला जातो, हे टोनी हंटर व बार्थोलोम्यू सेफ्टन यांनी १९८० मध्ये सिद्ध केले.

मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस व त्यांचे सहकारी यांना १९७६ मध्ये निरोगी पक्ष्यांच्या डीएनएत सार्कसदृश जीन आढळला होता. १९७८-७९ मध्ये काही रक्तरसांतील प्रतिपिंडांनी निरोगी कोशिकांतूनही तसेच प्रथिन अल्प प्रमाणात अवक्षेपित केले. त्यामुळे कर्करोगाचे मूळ कोशिकेच्या स्वतःच्या नियामक यंत्रणेतही असू शकते, हे स्पष्ट झाले. निरोगी सार्कच्या अंत्य भागातील एका टायरोसिनाला फॉस्फेट जोडलेला असताना एंझाइम निष्क्रिय राहते. व्हायरसाच्या सार्कमध्ये तो भाग नसल्याने हे नियंत्रण सुटते. बिशप व व्हार्मस यांना १९८९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे फॉस्फोटायरोसीन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांमुळे निरोगी व रोगग्रस्त ऊतकांची तुलना सुकर झाली. टायरोसीन कायनेज रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधास रक्ताच्या एका कर्करोगावर २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि प्रतिपिंडामुळे एंझाइमाचे अस्तित्व कळले, तरी त्याची क्रियाशीलता स्वतंत्रपणे तपासावी लागते.