पाटीवरचे चार शब्द

अमेरिकेतील मेम्फिस शहरात कचरा उचलणारे कामगार जवळजवळ सगळे काळे. पगार तुटपुंजा, आणि पन्नाशीच्या माणसालाही गोरे लोक 'बॉय' म्हणजे पोऱ्या म्हणत. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस चुकवायला कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोघे कामगार यंत्रात चिरडून मेले. १२ तारखेला सुमारे १३०० जण संपावर गेले.

त्यांच्या हातातल्या पाटीवर चारच शब्द : 'आय ॲम अ मॅन'. मी माणूस आहे! 'ॲम'खाली रेघ. पगाराचा आकडा नाही की चित्र नाही. आधी माणूस म्हणा, मग हिशेबाचं बोलू. शेकडो हातांत तीच पाटी, हेच चित्र झालं. २८ मार्चला अर्नेस्ट विदर्स या काळ्या छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढला, तो जगभर गेला.

४ एप्रिलला त्याच शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला पालिकेने युनियन मान्य केली, पगारवाढही दिली.

१९८८ साली ग्लेन लिगन यांनी तीच पाटी कॅनव्हासवर रंगवली. ती आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाची आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या 'अरे-तुरे' ऐकलं, त्यांना मात्र या चित्राचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.