वळिवड्याची पोलिश छावणी व शिध्याची यादी

सनदा, महजर व निवाडपत्रें यांस संशोधक व संग्राहक जितके जपतात, तितके ते कोठीच्या हिशेबांस व शिध्याच्या याद्यांस जपत नाहींत. वाळवीच्या स्वाधीन प्रथम होतात ते हेच कागद. परंतु युद्धकाळीं स्त्रिया व मुलें कशीं जगलीं, असा प्रश्न केल्यास तहनाम्यांपेक्षां या याद्याच अधिक बोलक्या ठरतात, असें आम्हांस वाटतें. कोल्हापुराजवळील वळिवडे येथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत असलेली पोलिश निर्वासितांची छावणी हें त्याचें ठळक उदाहरण होय.

हे लोक इतक्या दूर कसे आले, तें प्रथम सांगितलें पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्यें पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएत रशियानें स्वारी केली. पूर्व भागांतील लक्षावधि माणसें १९४० व १९४१ सालीं आगगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि प्रदेशांत नेण्यांत आलीं. पुढें जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हां जुलै १९४१ मध्यें रशिया व लंडन येथील पोलिश सरकार यांचा करार झाला. बंदिवान सुटले व जनरल आंदेर्स यांच्या हाताखालीं रशियांतच पोलिश सैन्य उभें राहूं लागलें. या सैन्याभोंवतीं उपाशी बायकामुलें गोळा झालीं. शिधा मिळे तो सैन्याच्या पटावरील नांवांस. बायकामुलांचीं नांवें त्या पटावर नव्हतीं. सैनिक आपल्या वांट्यांतून त्यांस घांस देत. तरीही उपासमार व टायफस यांनीं पुष्कळ दगावलीं. १९४२ सालीं सैन्याबरोबर जीं कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत पोंचलीं, त्यांपैकीं कांहींस हिंदुस्थानांत आश्रय मिळाला.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ सालीं बालाचडी येथें मुलांस जागा दिली. पुढील वर्षीं वळिवड्याची छावणी वसली. तेथें सुमारें पांच हजार माणसें राहिलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, बालवीरांचीं पथकें, असें एक लहानसें गांवच तेथें उभें राहिलें. आजाऱ्यांसाठीं पांचगणीस वेगळी व्यवस्था होती. मुंबईंतील पोलिश वकील बानासिन्स्की व रेड क्रॉसचें काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी कीरा यांनीं या कामीं फार श्रम घेतले. खर्चाची हमी लंडन येथील पोलिश सरकारची होती.

आतां वाचकांनीं सालाकडे लक्ष द्यावें. ज्या १९४३ सालीं वळिवड्यास चुली पेटल्या, त्याच सालीं, त्याच सरकारच्या अंमलाखालीं बंगाल्यांत माणसें अन्नावांचून रस्त्यावर मरत होतीं. ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेल्यानें तेथील तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून किनाऱ्यावरील होड्या व धान्य सरकारनें आधींच काढून घेतलें होतें. त्यांत ऑक्टोबर १९४२ च्या वादळानें मेदिनीपूर उध्वस्त केलें. १९४५ सालच्या सरकारी चौकशी समितीनें मृतांचा आंकडा सुमारें १५ लक्ष धरला. पुढील अभ्यासकांपैकीं कित्येक तो ३० लक्षांपर्यंत नेतात.

पांच हजारांची कोट्यवधींशीं तुलना कशी करावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच खोटा नाहीं. परंतु दुष्काळांत कोणास काय द्यावें याचे नियम १८८० नंतर सरकारनेंच केले होते व त्यांस फॅमिन कोड म्हणत. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे गरजूंच्या याद्या करणें व त्यांस मदत देणें सरकारावर बंधनकारक होई. बंगाल सरकारनें दुष्काळ शेवटपर्यंत जाहीर केला नाहीं. वळिवड्यास प्रत्येक मुलाचें नांव कागदावर होतें व त्याच्या शिध्याची जबाबदारी घेणारा कोणी होता. बंगालच्या मुलांचें नांव कोणींच कागदावर घेतलें नाहीं. पोलिश मुलांस अन्न मिळालें यांत गैर कांहींच नव्हतें. जें त्यांस मिळालें तें बंगालच्या मुलांस मिळालें नाहीं, हें गैर होतें. दया दोन्हीकडे होती. बंगाल्यांतही लंगरें निघालीं. उणी होती ती जबाबदारीची सही.

१९४५ सालीं ब्रिटननें लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली व छावणींतील लोकांचा तो आधारही डळमळला. कोणी पोलंडास परतले, कोणी इंग्लंडास, कोणी आणखी दूर गेले. १९४८ सालीं छावणी मोडली व त्या जागीं फाळणीनें बेघर झालेले सिंधी बांधव वसले. तेंच आजचें गांधीनगर होय. एकाच जागीं निर्वासितांची दुसरी यादी सुरू झाली.

म्हणून करवीर प्रांतींच्या संग्राहकांस आमची विनंती आहे. छावणीशीं व्यवहार केलेल्या कोणा व्यापाऱ्याची कीर्द, एखादी पावती, शाळेचा हजेरीपट कोणाच्या माळ्यावर असल्यास तो रद्दींत जाऊं देऊं नये. एक मूल जगलें याचा तेवढाच लेखी पुरावा असूं शकेल.