रिकामे ठरवलेले सरोवर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर विज्ञानाचे शिक्षक होते. मी मराठीचा प्राध्यापक. सैबेरियातील एका सरोवरातल्या, झिंग्यांच्या दूरच्या गोतातील चिमुकल्या जीवांविषयी बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपण विचाराल. माझे उत्तर असे, की ही कथा जितकी प्राण्यांची तितकीच नावांची आहे. आणि नावे, शब्द हा माझ्या जन्मभराच्या व्यासंगाचा विषय आहे.

बायकाल सरोवर सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षे जुने आहे. सामान्य सरोवराचे आयुष्य काही हजार वर्षांचे. गाळ साचत जातो आणि ते बुजते. बायकालचा तळ मात्र भूकवचाच्या भेगेत आहे. ती भेग अजूनही रुंदावते आहे, म्हणून गाळ साचूनही सरोवर भरत नाही. त्याची खोली १,६४२ मीटर. पृथ्वीवरील भूपृष्ठावरच्या, न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा येथे आहे. आफ्रिकेतील टांगानिका हेही असेच प्राचीन सरोवर. परंतु त्याच्या खोल पाण्यात प्राणवायू नाही. बायकालमध्ये तो तळापर्यंत पोहोचतो, आणि तळापर्यंत जीवन आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र विद्वानांचे मत नेमके उलट होते. गुस्ताव राडे यांनी १८५५ मध्ये बायकालची पाहणी केली आणि त्यातील प्राणिजीवन तुटपुंजे असल्याचा निष्कर्ष काढला. एवढे थंड, एवढे खोल पाणी. त्यात काय असणार? सरोवर रिकामे ठरले.

ते रिकामे नाही हे दाखवून दिले एका बंदिवानाने. बेनेडिक्ट डिबॉव्हस्की यांचा जन्म १८३३ चा. वैद्यक व प्राणिशास्त्र शिकून ते वॉर्सात अध्यापन करीत होते. रशियन सत्तेविरुद्धच्या १८६३ च्या पोलिश उठावात ते सामील झाले. १२ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा होऊन सैबेरियात धाडले गेले. १८६८ मध्ये त्यांना बायकालच्या नैर्ऋत्य टोकाच्या कुल्तुक या वस्तीत राहण्याची अनुमती मिळाली. सोबत व्हिक्टर गोडलेव्हस्की हे दुसरे निर्वासित होते; ते पदवीधर नव्हते, परंतु हाताचे कसबी आणि उत्तम शिकारी होते.

या दोघांनी केलेली गोष्ट साधी होती. हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फावर चालत जायचे, बर्फाला भोक पाडायचे आणि दोर खाली सोडायचा. वादळी पाण्यात नावेतून जे साधत नव्हते ते गोठलेल्या पाण्यावर स्थिर उभे राहून साधले. हजार मीटरांपलीकडची खोली त्यांनी याच रीतीने मोजली, आणि वेगवेगळ्या खोलींवरचे जीव वर आणले. त्यांत अँफिपॉड, म्हणजे बाजूंनी चपटे, पाठीत वाकलेले, कवचधारी जीव विपुल होते: काही काटेरी, काही काचेसारखे पारदर्शक. १८७४ मध्ये डिबॉव्हस्कींनी त्यांच्यावर जर्मन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. मोजक्या जातींच्या जागी शंभराच्या घरात प्रकार उभे राहिले, आणि त्यांतील बहुतेक बायकालखेरीज जगात कोठेही नव्हते. अशा जीवांसाठी मराठीत ‘प्रदेशनिष्ठ’ हा फार सुंदर शब्द रूढ झाला आहे. ज्याचा स्वतःचा प्रदेश हिरावला गेला होता अशा माणसाने हे प्रदेशनिष्ठ जीव जगापुढे आणले, हे मला विसरता येत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र या थोर पुरुषाचा तोल पुढे सुटला. १९२० च्या दशकात, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी आपल्या लाडक्या जीवांना नवी नावे दिली. त्यांतील एक ऐका: ‘गॅमॅराकँथुस्किटोडर्मोगॅमॅरस लोरिकॅटोबायकालेन्सिस’! प्राण्याचे सारे वर्णन नावातच बसवण्याचा हा अट्टाहास होता. १९२९ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ही नावे रद्द ठरवली. त्यानंतर लवकरच, जानेवारी १९३० मध्ये, डिबॉव्हस्की निवर्तले. नाव हे हाक मारण्यासाठी असते, एवढेच मी या प्रसंगावरून म्हणेन. ती नावे गेली, पण ते जीव ज्ञात राहिले. आज बायकालमधील अँफिपॉडांच्या जाती व उपजाती मिळून साडेतीनशेच्या आसपास गणल्या जातात. आनुवंशिक तपासणीत एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या जाती दडलेल्या आढळतात, त्यामुळे ही मोजणी संपलेली नाही.

याच पाण्यात एपिशुरा नावाचा, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा जीव आहे. नॉर्वेचे जी. ओ. सार्स यांनी १९०० मध्ये त्याचे वर्णन केले. सरोवरातील तरंगत्या प्राणिजीवनाचा फार मोठा भाग त्याचा असतो. सूक्ष्म शैवाल गाळून खाणाऱ्या या जिवाचा बायकालच्या नितळपणात मोठा वाटा आहे. त्याची मोजदाद मिखाईल कोझोव्ह यांनी १९४० च्या दशकात सुरू केली. पुढे त्यांच्या कन्येने आणि मग नातीने ती चालवली. साठ वर्षांच्या या नोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, की पृष्ठभागाचे पाणी १९४६ पासून सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापले आहे आणि उबदार पाणी मानवणारे, इतरत्रही आढळणारे जीव वाढत आहेत. एपिशुरा थंड पाण्याचा जीव. तीन पिढ्यांनी वही भरली नसती, तर हा बदल कोणाच्या ध्यानातही आला नसता.

आता एक कबुली. तरुणपणी मी याच परिसरातील एका जुन्या घराण्याचे कागद तपासावयास गेलो होतो. वरचे चार मोडी हिशेब चाळले आणि ‘वाङ्मयीन महत्त्व नाही’ असा शेरा लिहून दिला. पंधरा वर्षांनी माझ्याच एका विद्यार्थिनीने ते गाठोडे तळापर्यंत सोडवले. तळाशी त्या घरातील स्त्रियांनी उतरून ठेवलेल्या ओव्यांची बाडे होती. तोवर निम्मी पाने वाळवीने खाल्ली होती. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीत फारसे काही नाही, असे पुण्या-मुंबईचे विद्वान म्हणत तेव्हा मला राग येई. प्रत्यक्षात तोच शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. राडे यांना मी हसू शकत नाही, ते यामुळे.

सर गेले, त्यांचे विद्यार्थी येथे बसले आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर असे एखादे गाठोडे असेल, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी या शाळेच्या ग्रंथालयात आणावे. आपण ते मिळून सोडवू. वरचे चार कागद पाहून थांबणार नाही, एवढे वचन मी देतो.