हे युद्ध नक्की कोणाचं?

मागच्या रविवारी मुळा रोडवरच्या खडकी वॉर सेमेटरीत गेलो होतो. एकसारख्या दगडांच्या रांगा, बारीक कापलेलं गवत, आणि दगडांवर विशी-पंचविशीतली वयं. घरी येईपर्यंत डोक्यात एकच किडा: या लढाईत पडायचं की नाही, हे आपल्याकडे कोणी कोणाला विचारलं होतं का हो?

नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. (आपल्याला न विचारता दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकतात ना, तसंच. फक्त इथे जीव जाणार होते.) २ ऑक्टोबरला मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध संप केला. नोव्हेंबरात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळं झालं.

तिकडे अमेरिकेत गॅलपवाले १९३५ पासून लोकांची मतं विचारत होते, आणि बहुतेक जण म्हणत होते, युरोपच्या भांडणात आपण सैन्य पाठवायचं नाही. सप्टेंबर १९४० मध्ये 'अमेरिका फर्स्ट' समिती निघाली. पुढे लिंडबर्गसारखा विमानवीर तिच्या सभा गाजवू लागला. त्याची काही भाषणं सरळसरळ ज्यूद्वेषाची होती, पण 'युद्ध नको' म्हटलं म्हणून त्याला कोणी आत टाकलं नाही.

समिती निघाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे उभे राहिले आणि युद्धाला मदत करू नका म्हणाले. चार दिवसांत अटक, तीन महिने तुरुंग!

इथवर गोष्ट सोपी वाटते. पण त्याच वेळी सावरकर तरुणांना सैन्यात शिरा म्हणून सांगत होते. सक्तीची भरती नसतानाही युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य २५ लाखांच्या घरात गेलं. कोणी पोटासाठी गेलं, कोणी घराण्याच्या परंपरेने.

आणि डॉ. आंबेडकर? त्यांचे वडील सुभेदार, तरी इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद केलेली. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण काढली, आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. ज्यांना दारातच अडवलं होतं, त्यांना 'युद्धापासून लांब राहा' कोणत्या तोंडाने सांगणार? बाबासाहेबांनी भरतीची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पहिली महार बटालियन उभी राहिली.

पर्ल हार्बरला तेव्हा दोन महिने अवकाश होता. अमेरिका अजून बाहेरच होती.