फायरवॉल काढली, पण डिस्कवरची जागा अडकूनच? उरलेलं स्वॅप पार्टिशन असं काढा

जुन्या पीसीवर पीएफसेन्स किंवा आयपीफायर टाकून घरच्या किंवा दुकानातल्या इंटरनेटसाठी फायरवॉल तयार करण्याचा प्रयोग अनेक जण करतात. काही महिन्यांनी नवा राउटर येतो, फायरवॉल काढली जाते आणि तीच डिस्क पुन्हा विंडोज किंवा उबुंटूसाठी वापरात येते. मग लक्षात येतं, की डिस्कवरची काही जीबी जागा कुठेच दिसत नाही. बहुतेक वेळा ती जागा 'स्वॅप'ने अडवलेली असते.

ती परत मिळवणं अवघड नाही. पण चुकीच्या पार्टिशनवर क्लिक झालं, तर फोटो, हिशोब, सगळंच जाऊ शकतं. म्हणून आधी समजून घेऊ, मग काढू.

स्वॅप म्हणजे काय?

कम्प्युटरची रॅम भरत आली, की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातला सध्या न लागणारा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्कवरच्या या राखीव जागेला स्वॅप म्हणतात. विंडोजमध्ये हे काम 'पेजफाइल' नावाची फाइल करते. लिनक्स आणि फ्रीबीएसडीमध्ये यासाठी बऱ्याचदा वेगळं पार्टिशनच असतं. उबुंटूने १७.०४ या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल वापरायला सुरुवात केली.

फायरवॉलचा स्वॅपशी काय संबंध?

पीएफसेन्स हे फ्रीबीएसडीवर चालतं, तर आयपीफायर लिनक्सवर. म्हणजे ही साधी ॲप नाहीत, अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. इन्स्टॉल होताना त्या डिस्कचे भाग पाडतात आणि त्यात सहसा स्वॅपचाही एक भाग असतो. नंतर मोठं पार्टिशन पुसलं, तरी हा छोटा तुकडा तसाच राहतो. विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही.

विंडोजच्या आत चालणारी साधी फायरवॉल किंवा अँटिव्हायरस काढला असेल, तर मात्र हा लेख तुमच्यासाठी नाही. ती सॉफ्टवेअर स्वॅप पार्टिशन बनवत नाहीत. सी ड्राइव्हवरची पेजफाइल विंडोजची स्वतःची आहे, तिला हात लावू नका.

सुरू करण्याआधी

- महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या.
- कम्प्युटरला दोन डिस्क असतील, तर दोन्हींची साइझ लिहून ठेवा. डिस्क ओळखण्याचा तो सोपा मार्ग आहे.
- 'ईएफआय सिस्टिम' आणि 'रिकव्हरी' असं लिहिलेली पार्टिशन काढायची नाहीत. त्यांनाही ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे गल्लत होते. ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होतं, तिच्यावरचं ईएफआय गेलं तर विंडोज सुरूच होणार नाही.

विंडोजमध्ये कसं काढायचं?

१. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा.

२. अक्षर नसलेलं आणि फाइल सिस्टिमचं नाव न दाखवणारं पार्टिशन शोधा. साइझ जुळते का, ते पाहा.

३. त्यावर राइट क्लिक करून 'डिलीट व्हॉल्यूम' निवडा. ती जागा आता 'अनअलोकेटेड' दिसेल.

४. ही जागा तुमच्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने त्यात जोडता येते. मध्ये दुसरं पार्टिशन असेल, तर हा पर्याय चालत नाही. अशा वेळी 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'ने वेगळा ड्राइव्ह करा.

डिलीटचा पर्यायच मिळत नसेल, तर 'डिस्कपार्ट' हे टूल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं. कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. क्रम असा: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन आणि त्याचा नंबर, शेवटी डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. इथे 'क्लीन' ही कमांड देऊ नका. ती निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन एकदम काढते.

उबुंटू किंवा दुसऱ्या लिनक्समध्ये?

'जीपार्टेड' उघडा. स्वॅप पार्टिशन वापरात असेल, तर त्याच्यापुढे किल्लीचं चिन्ह दिसतं. राइट क्लिक करून आधी 'स्वॅपऑफ' करा, मग 'डिलीट' आणि शेवटी वरची बरोबरची खूण दाबा. ही खूण दाबेपर्यंत डिस्कवर काहीच बदलत नाही, त्यामुळे एकदा पुन्हा तपासून घ्यायला वाव असतो.

काम इथे संपत नाही. 'एफस्टॅब' या फाइलमध्ये त्या स्वॅपची ओळ असेल, तर तिच्यासमोर हॅशचं चिन्ह टाका. नाहीतर सिस्टिम दर वेळी सुरू होताना नसलेलं पार्टिशन शोधत बसते आणि साधारण दीड मिनिट वाया जातं. तुम्ही हायबरनेट वापरत असाल, तर त्याला स्वॅप लागतो. मग आधी दुसरी सोय करा.

डिस्क विकणार असाल तर?

हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये जातो, म्हणजे पासवर्डचे किंवा नेटवर्क सेटिंगचे अंशही तिथे राहिलेले असू शकतात. पार्टिशन डिलीट केल्याने फक्त त्याची नोंद जाते, आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. साध्या हार्ड डिस्कवर नवा व्हॉल्यूम बनवताना 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढा. पूर्ण फॉरमॅटला वेळ लागतो, पण त्यात सगळ्या जागेवर शून्य लिहिली जातात. एसएसडीसाठी कंपनीच्या टूलमधला 'सिक्युअर इरेज' पर्याय वापरावा. तो मात्र संपूर्ण डिस्क पुसतो.

शेवटची तपासणी

फायरवॉल काढल्यावर तिची जागा कोण घेतंय, हेही पाहा. विंडोजमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' सुरू आहे का, बघा. उबुंटूमध्ये 'यूएफडब्ल्यू' आधीपासून असतं, पण ते बंद असतं. गरज असेल तर सुरू करावं लागतं. काही जीबी जागा परत मिळवताना घराचं दार उघडं राहायला नको.